अमेरिकी विद्यापीठात प्रवेश मिळणार हे निकालाआधी कळतं का?

क्वचितच. आणि तेही लेखी आलं तरच धरायचं.

पदवीसाठी भरवशाचा संकेत म्हणजे 'लाइकली लेटर'. आयव्ही लीगमधली (अमेरिकेतल्या आठ नामांकित खासगी विद्यापीठांचा गट) आणि इतर काही निवडक विद्यापीठं मार्चअखेरच्या निकालाआधी मोजक्या अर्जदारांना ते पाठवतात. त्यात खेळाडूंचा भरणा मोठा. 'प्रवेशाची दाट शक्यता आहे' एवढंच त्यात लिहिलेलं असतं, पण शाळेतले गुण घसरले नाहीत आणि शिस्तीचं प्रकरण निघालं नाही तर ते प्रवेशाइतकंच पक्कं. प्रवेश मिळालेल्या बहुतेकांना असं पत्र येतच नाही, त्यामुळे न येण्याचा अर्थ काढत बसू नका.

पीएचडीचं गणित वेगळं. तिथे निवड त्या विषयाचा विभागच करतो. बऱ्याच विषयांत जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं, तर तुम्ही छोट्या यादीत आहात. 'आम्ही तुमच्या नावाची शिफारस केली आहे' असा विभागाचा ईमेल म्हणजे जवळपास होकारच. तरी ग्रॅज्युएट स्कूलचं (विद्यापीठाची पदव्युत्तर प्रवेश पाहणारी शाखा) अधिकृत पत्र हातात पडेपर्यंत दुसरी जागा सोडू नका. प्राध्यापक नुसतं 'प्रोफाइल आवडलं' म्हणाले तर ते सौजन्य समजा.

बाकी अर्जाच्या ऑनलाइन पोर्टलचं रूप बदललं, माजी विद्यार्थ्याने मुलाखत घेतली, यातून काहीच सिद्ध होत नाही. मुलाखत बरेचदा तुमच्या भागात कोणी मोकळं आहे का यावर ठरते. आर्थिक मदतीची कागदपत्रं तर मदत मागणाऱ्या सगळ्यांकडेच मागतात. मात्र ती लगेच अपलोड करा, फाइल अपुरी राहिली की मदतीचा निर्णय लांबतो.