चामड्याचे दोन तुकडे शिलाई न करता नुसत्या रिव्हेटने जोडले तर टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की खांद्याच्या बॅगेचा पट्टा कडीजवळ सुटलाय, घरी शिलाई जमत नाही, आणि ऑनलाइन मिळणारा रिव्हेटचा, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यांचा, डबा आणून काम भागेल का, भागणार असेल तर किती लांबीचे घ्यावेत. काम भागेल. त्या डब्यातल्या रिव्हेटने मात्र नाही.

तुम्ही म्हणताय त्या डब्यांत दोन्हीकडून टोपी असलेले रिव्हेट असतात. एका टोपीला पोकळ दांडा, दुसरी नुसती टोपी. हातोडी मारली की दांड्याचं टोक दुसऱ्या टोपीत जाऊन चेपतं आणि अडकतं. सगळा भार त्या पातळ पत्र्याच्या चेपलेल्या कडेवर. डायरीच्या कव्हरला, पाकिटाच्या कोपऱ्याला लावा, छान दिसतं. ज्या पट्ट्याला वजन लटकणार त्याला हे लावणं मला मान्य नाही, आणि यावरून माझं घरात कित्येक वर्षं भांडण चालू आहे.

सासरी आमचं कामच चामड्याचं. पुण्यात टांगे होते तोवर मामंजी घोड्यांचा साज करायचे. साजाच्या पट्ट्यावर ओढ किती येते ते टांगा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. ते आधी मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिलाई घालत आणि शिलाई जिथे संपते, म्हणजे उसवायला जिथून सुरुवात होते, तिथे तांब्याचं रिव्हेट ठोकत. मी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकले. आता मी कारखाना बघते, भाऊजी दुकान बघतात.

एका गणपतीत ढोल-ताशा पथकाची ऑर्डर होती, ताशाचे पट्टे. वेळ कमी होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शिलाई राहू दे. टोपीचं रिव्हेट मारा, चकाकतं पण छान. गिऱ्हाईक काय उघडून बघतंय?" मी सरळ नाही म्हटलं. माझ्याकडून जेवढे शिवून झाले तेवढे दिले, उरलेले त्यांनी बाहेरून करून घेतले. मला ते कळलं थेट विसर्जनाच्या दिवशी. दुपारी चांगला पाऊस झाला होता, पथक बेलबाग चौकाच्या अलीकडे नंबर लागायची वाट बघत उभं होतं आणि तिथून फोन आला की पट्टे सुटतायत. लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी गाडी नेण्याचा प्रश्नच नव्हता. छोटी ऐरण, हातोडी, पंच, पक्कड आणि तांब्याचं सामान पिशवीत घेऊन चालतच गेले.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. जिचा पट्टा आधी सुटला ती पोरगी ताशा पोटाशी धरून उभी होती, चेहरा अगदी रडवेला. पट्टा हातात घेतला. हुकाजवळची टोपी उडालेली. शेजारची पकडीने उचकटली, तर आत दांडा सरळ चेपायच्या ऐवजी एका बाजूला आडवा पडलेला. पट्टा पातळ आणि रिव्हेट लांब, दुसरं काय होणार? भोकंही दांड्यापेक्षा चांगली मोठी. आणि भोकाभोवती चामड्यावर काळं कुळकुळीत कडं उमटलेलं. नखाने खरवडलं तर तिथलं चामडं भुग्यासारखं निघालं.

ते काळं का झालं ते नीट समजून घ्या, कारण विकणारा हे सांगत नाही. वरून सोनेरी दिसणारं ते रिव्हेट आतून लोखंडाचं होतं. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं असलं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा वगैरे, तर त्यात टॅनिन असतं. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी काळी शाई करत, ती याच गुणावर. शाईला ते चांगलं, पट्ट्याला वाईट. घाम आणि पाऊस मिळाला की मुलामा जातो, लोखंड उघडं पडतं आणि आजूबाजूचं चामडं ठिसूळ होतं. म्हणून रिव्हेट घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर ते तांबं नाही आणि पितळही नाही, दुकानदार काहीही म्हणो.

भाऊजींचा नेहमीचा मुद्दा असा की कोल्हापुरीत खिळाच नसतो, चामड्याच्या वादीनेच सगळं शिवतात, तेव्हा धातू ही शोभेची वस्तू, ती कशीही असली तरी चालतं. पहिला भाग खरा आहे, पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो. त्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी घोड्यांच्या झुली शिवायचा. झुलींचे पट्टे बसवायला त्याच्याकडे तांब्याचे रिव्हेट असत. तेच त्याने कामगारांच्या विजारींच्या खिशांना, जिथे कापड फाटतं त्या जागी ठोकले. 20 मे 1873 ला त्याला आणि लीव्हाय स्ट्रॉस कंपनीला त्याचं पेटंट मिळालं. जीनच्या खिशावरचं रिव्हेट आज शोभेला असेल, तेव्हा ते ओढ सोसायलाच होतं.

आता तुमच्या पट्ट्याचं. भरीव तांब्याचं रिव्हेट आणि त्याला घट्ट बसणारं तांब्याचं वॉशर, म्हणजे भोकाची चकती, मागा. चामड्याच्या थरांची एकूण जाडी, अधिक वॉशर, अधिक दोनेक मिलिमीटर, एवढी लांबी लागते. समजा तीन-तीन मिलिमीटरचे दोन थर आहेत. मग नऊ मिलिमीटर पुरेल, पण बारा मिलिमीटरचं घ्या आणि जास्तीचं छाटा. भोक दांड्याएवढंच, घालताना जरा जोर लागला पाहिजे. दांडा खालून वर काढा, वॉशर चढवा आणि मधे भोक असलेल्या पंचने ते खाली ठोका, चामडं किंचित दबेपर्यंत. बहुतेकांचा सांधा ढिला राहतो तो इथेच कंटाळा केल्यामुळे. मग दोनेक मिलिमीटर ठेवून बाकीचा दांडा कापा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके घाव घालत डोकं बसवा. तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि डोक्याच्या कडेला चिरा जातात. तसं होत असेल तर रिव्हेट आधी गॅसवर लालसर तापवून पाण्यात टाका, मऊ होतं.

एकच रिव्हेट कधीच नको. एका खिळ्यावर टांगलेली पाटी फिरते तसा पट्टा त्याच्याभोवती फिरतो आणि भोक लांबट होत जातं. दोन घ्या, एकामागे एक, पट्ट्याच्या लांबीत. आडव्या ओळीत नको. चाळीस मिलिमीटर रुंद पट्ट्यात चार-चार मिलिमीटरची तीन भोकं एका रेषेत पाडली तर भार घ्यायला अठ्ठावीस मिलिमीटरच चामडं उरतं. कडेपासूनही नीट आत या, निदान भोकाच्या दुप्पट.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तांबंसुद्धा निर्दोष नाही, चामड्यातल्या तेलाने त्यावर हिरवट मेणचट थर येतो. कोरड्या फडक्याने पुसा, सांध्याला त्याने धोका नाही. बॅगेचं चामडं मऊ, सालीऐवजी क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं असेल, आणि बाजारातल्या बहुतेक बॅगांचं तसंच असतं, तर ते ताणतं आणि भोक मोठं होतं. तिथे आतून जाड, कडक चामड्याचा तुकडा लावूनच रिव्हेट मारा. दांडा कापताना पकडीवर हात धरा, तुटलेला तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. आणि पट्ट्याला लॅपटॉप लटकणार असेल तर माझं ऐका, चपला शिवणाऱ्या कारागिराकडून आधी चार टाके घालून घ्या, मग रिव्हेट मारा.

त्या दिवशी पथकाचा नंबर यायच्या आत सगळे हुक बसले. तांब्याने पट्ट्यामागे खर्च वाढतो हे भाऊजी आजही ऐकवतात. वाढतोच, कोण नाही म्हणतंय? पुढच्या वर्षी त्याच पथकाने शिलाई आणि तांबं असं मागून घेतलं, वाढीव पैसे दिले, आणि ते बिल भाऊजींनीच करून दिलं. टोपीच्या रिव्हेटचे डबे दुकानात अजून आहेत. कुणी पट्ट्यासाठी मागायला आलं तर मी आतून बाहेर येते आणि वजन किती लटकणार ते विचारते. भाऊजींना ते आवडत नाही.