यंत्रमागाच्या आवाजाला फोम लावू नका, आधी पत्र्याखालची फट बघा

तुम्ही विचारलंय की इचलकरंजीत घराच्या मागच्या भिंतीला लागून २४ साध्या मागांची शेड आहे, दोन्ही पाळ्या चालतात, आतून भिंतीला फोम लावला तर रात्री झोप लागेल का, आणि तक्रार कुठे करायची.

फोम लावू नका. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज फोम शोषतो. पलीकडून येणारा आवाज तो अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. ९ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भरते आणि पन्नासएक डेसिबल अडवते. तिच्यावर किलो-दीड किलोचा फोम चिकटवून काय होणार? अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, जाड पडदे, सगळ्यांचं तेच. हे विकणारे लोक खोलीत टाळी वाजवून दाखवतात आणि टाळी बसकी ऐकू आली की गिऱ्हाईक खूश होतं. रात्री अडीचला माग मात्र तसाच ऐकू येतो.

आता एवढी जाड भिंत असून आवाज येतो कुठून, ते सांगतो. यावरच माझा यंत्रमागधारकांशी आणि जॉबर (माग बसवणारे-दुरुस्त करणारे) मंडळींशी कायमचा वाद आहे. त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "माग म्हटला की आवाज आलाच." इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ मध्ये, तेव्हापासून घराला लागून शेड ही इथली रीतच आहे, हे खरं. पण शेजाऱ्याच्या उशीपर्यंत पोचणाऱ्या आवाजातला बराचसा भाग मागाचा नसतो, तो बांधकामातल्या आणि बसवणीतल्या हलगर्जीपणाचा असतो.

हिशेब करा. शेडची तुमच्याकडची भिंत ४० फूट लांब आणि १२ फूट उंच धरा, म्हणजे ४८० चौरस फूट. पन्हाळी पत्रा भिंतीवर येतो तिथे, थोडी पन्हाळीमुळे आणि थोडी हवा खेळावी म्हणून, सरासरी दोन इंचांची फट सोडलेली असते. ४० फुटांवर दोन इंच म्हणजे साडेसहा चौरस फुटांहून मोठं भोक, भिंतीच्या १.४ टक्के. भिंतीचा एक टक्का उघडा राहिला तरी बाकीची भिंत किल्ल्याची का असेना, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. १.४ टक्क्याला ती साडेअठरावर येते. पन्नासची भिंत साडेअठराची झाली, ती फक्त दोन इंचांमुळे. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार किलोचा. आवाज वरून निघतो आणि तुमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत उतरतो. मधल्या कंपाउंडची भिंत चार फूट वाढवून म्हणूनच फरक पडत नाही. आवाज निघतो ती जागा आणि तुमची खिडकी यांच्यातली सरळ नजर भिंतीने तुटली, तर पाचेक डेसिबल मिळतात, नाहीतर शून्य. झाडांच्या एका रांगेचंही तसंच. पानांतून आवाज आरपार जातो.

फट विटा-सिमेंटने बुजवायची आणि पन्हाळीच्या पोकळीत मसाला दाबून भरायचा. मालक लगेच म्हणेल, "आत उकडून मरू." त्याचं म्हणणं बरोबर आहे. २४ मागांना एकेक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर पूर्ण भारावर १८ किलोवॉटच्या आसपास वीज शेवटी उष्णता होऊन शेडमध्येच राहते. म्हणून फट बुजवताना हवेची वेगळी सोय त्याच दिवशी करावी लागते: पत्र्याची किंवा प्लायची दीड मीटर लांब पेटी, मध्ये एक काटकोनी वळण, आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी लोकर, घनमीटरला ४८ किलो घनतेची), तिच्यावर काचेचं कापड आणि वर भोकांचा पत्रा. एक्झॉस्ट पंखा पेटीच्या शेडकडच्या तोंडाला बसवायचा, बाहेरचं तोंड घरांच्या उलट दिशेला काढायचं. पेटीत सुताची तूस साठते, ती पंधरा दिवसांतून एकदा झाडली नाही तर हवा कोंडते आणि कामगार पेटीशेजारी विटा काढून नवं भोक पाडतात. आणि शेडच्या आत फोम लावू देऊ नका. तूस आणि फोम एकत्र आले की एका ठिणगीत शेड जाते.

ही झाली हवेतून येणाऱ्या आवाजाची गोष्ट. दुसरा आवाज जमिनीतून येतो. तुमच्याकडे कोणता जास्त आहे ते आधी तपासा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबा. जॉबर बेअरिंग असंच ऐकतो. खिडक्या बंद करून ऐका. खोलीत खडखडाट बराच कमी झाला, पण स्क्रू ड्रायव्हरमधून ठोके स्पष्ट येतायत, तर आवाज जमिनीतून येतोय. आणखी एक खूण म्हणजे ठोके एकसारखे नसतात, भरतात आणि ओसरतात. मिनिटाला १४० फेऱ्यांचा एक माग आणि १४२ चा दुसरा दर ३० सेकंदांनी एकाच वेळी ठोका देतात. तेवढ्यापुरती मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि परत गप्प होतात.

यावर मागाच्या पायांखाली रबरी पॅड हा उपाय आहे. इथे मला एका शेडबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण "पॅड टाकून बघितले, उपयोग नाही" हे वाक्य त्या शेडवरून गावभर झालं.

तिथे प्रत्येक मागाच्या चारही पायांखाली २५ मिलिमीटरचे रेघांचे रबरी पॅड टाकले होते. भिंतीपलीकडच्या आजी म्हणाल्या, "काही बदल नाही हो." मालक म्हणाला, "थोतांड आहे सगळं." एक माग उघडल्यावर तीन चुका दिसल्या. पहिली, पॅड दाबलेच गेले नव्हते. व्हर्नियरने मोजलं तर जाडी अजून २५ च. पॅड मोठा घेतला म्हणजे चांगला, असा समज असतो. खरं तर पॅड जितका मोठा तितका त्या वजनाला तो कडक. वजनाखाली जाडीचा दहावा हिस्सा बसला पाहिजे, म्हणजे २५ चा २२-२३ झाला पाहिजे. पुरवठादाराच्या भार-तक्त्यातून, एका पायावर येणारं वजन काढून, माप निवडायचं. दुसरी चूक, फरशी साफसूफ दिसावी म्हणून पायांभोवती सिमेंटचं पाणी ओतलं होतं. ते घट्ट झालं आणि पाय पुन्हा फरशीला चिकटला. तिसरी सगळ्यात मोठी. फौंडेशन बोल्ट पॅडमधून थेट वर आला होता आणि लोखंडी वॉशर पायावर कचकून आवळला होता. पाय ते वॉशर, वॉशर ते बोल्ट, बोल्ट ते काँक्रीट असा लोखंडाचा सरळ रस्ता. ठोका रबरात शिरतच नव्हता.

दुरुस्ती अशी झाली. बोल्टच्या भोवती ३ मिलिमीटर जाडीची रबरी नळी, वॉशरखाली रबरी चकती, त्यावर लोखंडी वॉशर, वर दोन नट. पहिला नट चकती जराशी फुगेपर्यंतच आवळायचा, दुसऱ्याने त्याला कुलूप लावायचं. सिमेंटची कड छिन्नीने मोकळी केली. मोटरकडे येणारा कडक पाइप शेवटचे दोन फूट लवचीक केला. पंधरा दिवसांनी रबर बसतं, तेव्हा लेव्हल पुन्हा बघितली.

"पॅडवर माग नाचतो" असंही म्हणतात. नाचतो तो लेव्हल चुकल्यामुळे, एक पाय उचललेला राहिल्यामुळे किंवा नट ढिला असल्यामुळे. फणीची (विणलेला धागा ठोकून बसवणारी) पुढे-मागे हालचाल जोरदार असते, तिला चारही पाय सारखे टेकलेले लागतात. पॅडची मर्यादाही सांगतो: सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा होणारं मूळ डोलणं पॅडने थांबत नाही, त्यावरचा कडक ठोका थांबतो. डोलण्यासाठी भिंतीलगतची रांग तीन फूट आत सरकवणं आणि भिंतीच्या कडेने शेडची फरशी कापून २५ मिलिमीटरची मऊ भरणीची पट्टी सोडणं, एवढंच हातात असतं.

मागाची निगा हाही मोठा भाग आहे. धोटा (आडवा धागा नेणारा) मागाच्या कडेच्या पेटीत आदळतो तो आवाज सगळ्यात तीक्ष्ण. पिकर (धोट्याला ढकलणारा ठोकळा) झिजलाय, चेकचा (धोट्याला थांबवणारा) पट्टा ढिला आहे, किंवा धोटा अडकू नये म्हणून पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकण्याचा, जोर गरजेपेक्षा जास्त ठेवलाय, या तिन्ही गोष्टी एका दुपारी बघून होतात. जोर उतरवला की पिकर आणि धोटा दोन्ही जास्त टिकतात, म्हणजे मालकाचाच फायदा. आणि "रात्री निम्मे माग बंद ठेवतो" ही तडजोड घेऊ नका. २४ चे १२ झाले की फक्त ३ डेसिबल उतरतात, कानाला जेमतेम कळतात. त्याऐवजी तुमच्या भिंतीची रांग बंद ठेवायला सांगा.

तुमच्या घरात काय करायचं ते थोडक्यात. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या ब्रशमधून आवाज गळतो. आतून १०० मिलिमीटर अंतर सोडून दुसरी, बिजागरीची, रबरी गॅस्केटची खिडकी बसवा, काच ६ मिलिमीटर. पलंग भिंतीपासून सहा इंच लांब आणि कोपऱ्यातून बाहेर काढा; घरघर कोपऱ्यात सगळ्यात जास्त साठते. आवाज खरोखर भिंतीतूनच येत असेल, तरच भिंतीला न टेकणारा सांगाडा, आत ५० मिलिमीटर रॉकवूल आणि वर जिप्समचे दोन थर, असा खर्च करा.

तक्रारीबद्दल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहेत, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. मर्यादेपेक्षा १० किंवा जास्त डेसिबल असतील तर नियम ७ खाली तक्रार होते. म्हणून आधी महापालिकेतून तुमच्या जागेच्या गट नंबरचा झोन दाखला घ्या; तो औद्योगिक निघाला तर आकडेच बदलतात. मोजणी खिडकीबाहेर, रात्री, दहा मिनिटांची सरासरी अशी आणि माग बंद असतानाही तेवढीच. दोन्हींत ३ डेसिबलपेक्षा कमी फरक असेल तर तो अहवाल टिकणार नाही. मोबाइलचं अॅप फक्त आधी-नंतरच्या तुलनेपुरतं. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात आणि पोलीस उपअधीक्षकांकडे, दोन्हीकडे पोच घेऊन. त्यावर हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ तेच हे.

हे सगळं साध्या मागांचं. शेडमध्ये एअरजेट (धोट्याऐवजी हवेच्या झोताने धागा नेणारे माग) असतील तर आधी कॉम्प्रेसरची हवा ओढण्याची नळी आणि पंखे बघा. आणि तक्रारीआधी एकदा मालकाशी बोला; आतले कामगार १२ तास ९५ ते १०० डेसिबलमध्ये उभे असतात, शेड सुधारली तर त्यांचेही कान वाचतात.

बोलायला जाल तेव्हा जॉबर तिथे असेल. "पॅड टाकलेत की," असं म्हणाला तर पाना घेऊन एक नट तुमच्यासमोर उघडायला सांगा. वॉशरखाली रबर नसेल तर पॅड टाकलेलेच नाहीत.