घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न – नव्या खिडकीचं माप

प्रश्न : एका खोलीतल्या जुन्या लाकडी चौकटी काढून गिलावा करून घेतला आहे. आता यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवायच्या आहेत. दोन फॅब्रिकेटर (खिडक्या बनवणारे) माप घेऊन गेले. एकाच खिडकीची रुंदी एकाने ४७ इंच ४ सूत लिहिली, दुसऱ्याने ४७ इंच ७ सूत. खरं कोणाचं? आणि आपण स्वतः माप घ्यायचं तर कसं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं. इंचाला ८ सूत, म्हणजे ३ सुतांचा फरक हा साधारण साडेनऊ मिलिमीटर झाला. खिडकी भिंतीत बसवताना दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे सोडतात, ते मार्जिन. त्यामुळे बहुधा एकाने भिंतीतल्या ओपनिंगचं माप लिहिलंय आणि दुसऱ्याने मार्जिन वजा करून खिडकीचं. दोघांनाही विचारा : हा आकडा ओपनिंगचा की खिडकीचा? आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. सगळ्यात जास्त खिडक्या इथेच बिघडतात. घरमालक हुशारीने मार्जिन वजा करून आकडा देतो, कारखान्यात पुन्हा वजा होतं आणि खिडकी वीस मिलिमीटर आखूड येते. मग ती फट फोम भरून वर सिलिकॉन फासून झाकतात. रुंद फटीतलं सिलिकॉन एक-दोन उन्हाळ्यांत कडेने सुटतं, आतला फोम उन्हाने भुगा होतो आणि पावसाला रस्ता मिळतो.

आपण द्यायचं ते ओपनिंगचंच माप द्यावं. मार्जिन फॅब्रिकेटरला सोडू द्यावं.

माप मिलिमीटरमध्ये घ्या. रुंदी तीन ठिकाणी : वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. समजा रुंदी १२०४, ११९९ आणि १२०२ आली, तर धरायची ११९९. सरासरी काढू नका. खिडकी सगळ्यात अरुंद जागेतूनच आत जाणार आहे. उंची १३५६, १३५४, १३५८ असेल तर १३५४. कागदावर आधी रुंदी, मग उंची, हा क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही.

त्यानंतर दोन्ही कर्ण मोजा. या मापाच्या खिडकीत एक कर्ण १८१२ आणि दुसरा १८०५ आला, तर ओपनिंगचा वरचा भाग खालच्यापेक्षा पाचएक मिलिमीटर एका बाजूला सरकलेला आहे. एकूण दहाच्या मार्जिनमध्ये तो सामावतो. फरक १२ च्या वर गेला की जवळपास सगळं मार्जिन तिरकसपणातच संपतं. अशा वेळी खिडकी बारीक करण्यापेक्षा गवंड्याकडून ओळंबा लावून ती बाजू सरळ करून घेणं चांगलं. दोनशे-चारशे रुपयांचा माल वाचवायला जाऊन कायमची वाकडी फट पदरी घेऊ नये.

टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो, तो मोडलेला नसतो. पत्र्याच्या जाडीइतका तो आत-बाहेर सरकावा म्हणूनच तसा ठेवलेला असतो : आतलं माप घेताना तो दाबला जातो, बाहेरचं घेताना ताणला जातो. ठोकून घट्ट केला की प्रत्येक मापात चूक येते. दुसऱ्या टोकाला टेप कोपऱ्यात वाकवून आकडा वाचू नका. टेपची डबी भिंतीला टेकवा, पट्टीवरचा आकडा घ्या आणि डबीची लांबी त्यात मिळवा. ती बहुतेक डब्यांवर छापलेली असते.

यूपीव्हीसीत मार्जिनला आणखी एक कारण आहे. ते उन्हात ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट फुगतं. दीड मीटरचा सेक्शन (फ्रेमची पट्टी) ३० अंशांच्या फरकाने तीनएक मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या गारठ्यात ठासून बसवलेली खिडकी सांगलीच्या एप्रिलमध्ये कमानदार होते आणि कुलूप लागेनासं होतं.

बाकीच्या खोल्यांत अजून लाकडी चौकटी आहेत असं दिसतं. तिथे चौकटीवरून अंदाज बांधून ऑर्डर देऊ नका. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) उपटताना कडेचा गिलावा निघतोच आणि नवा करताना माप बदलतं. चौकट काढा, कडा करून घ्या, गिलावा सुकू द्या, मगच शेवटचं माप. तोवर ताडपत्री लावावी लागेल, म्हणून हे काम पावसाळ्याआधी आणि एकेक खोली धरून करा.

प्रश्न : आमची खिडकी पश्चिमेला आहे. यवतेश्वरकडून झोडपणारा पाऊस आला की स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधून पाणी खोलीत येतं. नवी खिडकी मोजतानाच काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी जुन्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते काही सेकंदांत बाहेर गेलं पाहिजे. साचून राहिलं, तर ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाची भोकं बुजली आहेत. कधी मातीने, पण फार वेळा खिडकी बसवतानाच सिमेंटने किंवा सिलिकॉनने. तसं असेल तर खिडकी न बदलताही काम होईल.

बदलायचीच असेल तर सिलचा, म्हणजे खिडकीखालचा, दगड आधी बसवा, माप नंतर घ्या. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट आणि खाली २० मिलिमीटर माल, म्हणजे उंचीतले जवळजवळ दीड इंच गेले. माप घेऊन झाल्यावर दगड बसवला की खिडकी आत जातच नाही. मग गवंडी दगड फ्रेमच्या पुढे तुकड्याने लावतो आणि त्या सांध्यातूनच पाणी मुरतं. दगड अखंड हवा. फ्रेमखाली तो सपाट, आणि फ्रेमच्या बाहेर चार इंचांना किमान २ सूत उतार. फ्रेमच उतारावर बसली तर खिडकी बाहेर झुकते. दगड भिंतीबाहेर इंचभर काढून त्याला खालून खाच मारा, म्हणजे थेंब तिथेच तुटून पडतो, भिंतीवरून ओघळत नाही.

प्रश्न : गावभागात घर आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत चौकटी पाण्यात होत्या. चौकट ठेवून त्यातच नवी खिडकी बसवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. हाताच्या जोरानेच तो २-३ सूत आत गेला, तर चौकट काढाच. रंगाखाली लाकूड कुजलेलं असतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. लाकूड टणक असेल तर चौकट ठेवा, पण माप कोरड्या दिवसांत घ्या. श्रावणात फुगलेलं लाकूड होळीपर्यंत आकसतं आणि फट वाढते. भिंतीला लोणा असेल तर तो गिलावा विटेपर्यंत काढल्याशिवाय फ्रेम बसवू नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा. यूपीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम पाण्याने फुगत नाही, पण साधे स्क्रू गंजतात.

प्रश्न : मच्छरजाळीची सरकती झडपही हवी आहे. मापात काही फरक पडतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : रुंदी-उंचीत नाही, फ्रेमच्या आत-बाहेरच्या मापात पडतो. दोन काचा आणि जाळी म्हणजे तीन ट्रॅक, आणि तीन ट्रॅकची फ्रेम साडेतीन-चार इंच खोल असू शकते. ग्रिलपासून भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मोजा, तेवढी नसेल तर ग्रिल बाहेर सरकवावं लागेल. ग्रिलला काही उंचवटा, कडी किंवा कुलपाची पट्टी असेल तर मोजणी तिथून.

प्रश्न : माप ‘४.६ बाय ४’ असं लिहून दिलं, खिडकी मोठी आली. चूक कोणाची?
– एक वाचिका, कराड

उत्तर : लिहिण्याची. तुमच्या मनात ४ फूट ६ इंच होते, म्हणजे ५४ इंच. कारखान्यात ४.६ फूट वाचलं, ते झाले ५५.२ इंच. जवळजवळ सव्वा इंच जादा. फ्रेम कापून पुन्हा जोडता येईल, पण काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर ती कापता येत नाही, तडा जाऊन चुरा होतो. ती नवीनच मागवावी लागेल. पुढच्या वेळी फक्त मिलिमीटर लिहा : १३७२ × १२१९.