जुन्या लॅपटॉपवर मराठी टायपिंग आणि प्रिंटिंगसाठी कोणतं लिनक्स टाकू? मिंट, उबुंटू की फेडोरा?

लॅपटॉप २०१४ चा, रॅम ४ जीबी, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ चढत नाही असं लिहिलंय तुम्ही. मिंटचं एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपवालं) टाका, विषय संपला. पण खरं सांगू का, डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार घ्यायचा हा, प्रश्न सगळ्यात फालतू आहे. विचारायला हवं होतं प्रिंटर आणि फॉन्टचं.

आमचं कराडला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, मी आणि धाकटा भाऊ. २०१९ ला काउंटरवरचं विंडोज (कुठून आणलेलं ते विचारू नका) गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधल्या व्हायरसमुळे तिसऱ्यांदा बसलं, फोल्डर गायब आणि त्यांच्या नावाचे नुसते शॉर्टकट. वैतागून भावाला न विचारता मिंट टाकलं. पंधरा दिवस मजेत गेले. मग भर लग्नसराईत एक काका पत्रिकेची फाइल घेऊन आले, अडीचशे प्रती, संध्याकाळपर्यंत. लिबरऑफिसात (वर्डसारखंच, पण फुकट) उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, काय वाट्टेल ते. भाऊ काकांसमोरच म्हणाला, "दादा, तुझ्या लिनक्सनं नवरीचं पार भजं केलं."

अरे, लिनक्सचा काय संबंध? डीटीपीवाल्यांचे ते जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड) नसतात. फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार चढवतो, फॉन्ट नाही की पितळ उघडं. आतल्या मशिनवर विंडोज होतं, तिथं तो फॉन्ट नव्हता, तिथं उघडून दाखवली तर तीच खिचडी. तर भाऊ म्हणे, "तिथं निदान फॉन्ट टाकता येतो." फॉन्टची टीटीएफ फाइल इथंही डबल क्लिक करून बसते की! शेवटी काकांना त्यांच्या डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागवायला लावली, त्यात फॉन्ट आतच असतो, साडेपाचला प्रती हातात. तरी घरी चार पाहुणे जमले की भावाची ती भज्याची गोष्ट सुरू.

प्रिंटरनं मात्र रडवलं, ते कबूल. निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे असतो तो छोटा पांढरा लेझर, त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवायला माझे दोन रविवार गेले, वर प्रिंटर बंद-चालू केला की सर्व्हिस हातानं परत सुरू करा. शेवटी एचपीचा घेतला, एचपीएलआयपी या एचपीच्याच लिनक्स ड्रायव्हरवर सरळ चालला.

टायपिंगला आयबस आणि आयबस-एम१७एन (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सॉफ्टवेअर) टाका, त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळेल, फॉन्टला लोहित चांगला. 'पुऱ्या'तला ऱ्य लोकांना सापडत नाही: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. हे एकदा बोटात बसलं की मोबाइलपासून सगळीकडे वाचता येणारं मराठी टाइप होतं, आणि नवीन काही लिहायचं तर युनिकोडमध्येच लिहा, मग डिस्ट्रो कुठलाही असो. जुन्या फॉन्टमध्ये आजही फाइली बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

उबुंटूचा गनोम डेस्कटॉप ४ जीबीत धापा टाकतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते, घरच्या लॅपटॉपला ही कटकट कशाला? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

हां, कोरल किंवा पेजमेकर या डीटीपीच्या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर माझं काही ऐकू नका, विंडोजवालं एक मशिन ठेवा. आम्हीही ठेवलंय, भाऊ त्यावरच बसतो. आणि हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर आधी एसएसडी टाका. मिंट बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय लागतं का बघा, आणि प्रिंटरचं मॉडेल लिहायला विसरलात, ते सांगा.