हायवेला गार, गेटला गरम: कॉम्प्रेसर बदलायच्या आधी एवढं बघा

दादा, तुमचं दुखणं वाचलं. २०११ची वॅगनआर, गोव्याच्या नंबरची, सेकंडहँड घेतलेली. निपाणीहून बेळगावला येताना हायवेला एसी झकास, टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबलात की गरम हवा. दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा महिन्या-दीड महिन्यात परत तेच, आणि गॅस ताजा असतानाही गेटला हवा गरमच. आता मेस्त्री म्हणतोय कॉम्प्रेसर गेला.

माझ्या मते तुमच्या गाडीत दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर एकच औषध चाललंय. गॅस कुठून तरी जातोय, हे एक. थांबल्यावर कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या गॅस गार करणाऱ्या जाळीला, वारा मिळत नाही, हे दुसरं. घिसलेला कॉम्प्रेसरसुद्धा आयडलला ढेपाळतो, म्हणून मेस्त्रीला एकदम खोटं पाडत नाही. पण कुठलं काय ते ओळखायला पैसा लागत नाही, एक बादली पाणी लागतं.

दुपारच्या उन्हात गाडी उभी करा. एसी फुल, आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, इंजिन आयडलला. हवा गरम यायला लागली की कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा, दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत. त्यानं हवा लगेच गार झाली तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर थकलाय. फारसा फरक पडला नाही तर परत आयडलला आणा आणि पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर मगानं सावकाश पाणी ओता. मिनिटाभरात गार हवा आली तर कॉम्प्रेसर ठणठणीत, वारा कमी पडतोय. धावत्या गाडीत हे काम समोरचा वारा फुकट करतो, म्हणून हायवेला तुम्हाला काही कळत नाही.

मग पंखा बघा. काही गाड्यांना पंखा एक असतो, काहींना दोन, ते ग्रिलमधून दिसतं. एसी लावल्यावर कंडेन्सरवरचा पंखा फिरलाच पाहिजे. हात आत घालू नका, बंद दिसणारा पंखा कधीही सुरू होतो. फिरत नसेल तर लाकडी काठीनं मोटरच्या पाठीवर हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरला तर आतले कार्बन ब्रश संपलेत. त्याच्या आधी फ्यूज, रिले आणि मोटरचा कनेक्टर बघून घ्या. कनेक्टर जळून काळा पडलेला बऱ्याच जुन्या गाड्यांत सापडतो.

पंखा फिरतोय म्हणून लगेच खूश होऊ नका. वहीचा कागद ग्रिलसमोर धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर पंखा उलटा फिरतोय. कुणीतरी मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल केल्या की असं होतं. डीसी मोटर ती, बिनतक्रार उलटी फिरते. जुन्या मालकानं काय काय करून ठेवलंय ते आपल्याला थोडंच माहीत असतं! कागद नुसताच लटकला तर मोटर मंद झाली आहे किंवा जाळी बुजली आहे. आपल्याकडं खानापूर भागातली तांबडी माती आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत थापून बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत लिंपण असतं. साध्या पाइपनं धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचं प्रेशर गन जवळून मारलं की जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात.

आता गॅस. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. महिन्यात गेला म्हणजे भोक आहे, आणि तेही बारीक नाही. गोव्याची गाडी म्हटल्यावर माझा पहिला संशय कंडेन्सरवर. समुद्राच्या खाऱ्या हवेनं ॲल्युमिनियम कुजतं. पात्यांवर पांढरी भुकटी दिसते आणि नख लावलं की तुकडे पडतात. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसून काळपट ओलसर डाग होतो. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात आणि पाइपांच्या जोडावर असा डाग शोधा. गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपी काढून तिथं थुंकीचा थेंब लावा, बुडबुडा आला तर भोक तिथंच. कधीकधी एवढ्या क्षुल्लक गोष्टीपायी माणसं वर्षानुवर्षं गॅस भरत बसतात.

दुसरा संशय कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलवर. बेळगावात पावसाळा-हिवाळा धरून सहा-आठ महिने कोण एसी लावतंय? तेल फिरत नाही, सील सुकतं. तिथून गळत असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (पट्ट्याच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा भाग) आसपास तेलाचे शिंतोडे दिसतात.

बाहेर काहीच सापडलं नाही तर डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर, म्हणजे आतली हवा गार करणारी जाळी. ते मोठं काम आहे, शेवटी ठेवा.

गॅसवाल्याकडं गेलात की नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं लीक बघायला सांगा. नुसत्या व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काटा टिकतो का बघण्यावर, समाधान मानू नका. व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक जेमतेम एका बारचा, चालू एसीत कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूला तो पंधरा बारपर्यंत जातो. व्हॅक्यूम धरणारं भोक तिथं सरळ फुसफुसतं. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरू देऊ नका, तिच्यात पाणी असतं.

लीक काढल्यावर व्हॅक्यूम मात्र किमान अर्धा तास हवाच. यात आपल्या गावाची एक गंमत आहे. व्हिडिओत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९-३० इंचांवर गेलेला दिसतो आणि आपल्याकडं २७च्या आसपास अडतो, मग लोक मेस्त्रीच्या पंपाला नावं ठेवतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, इथं हवेचा दाबच तेवढा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही ना, तेवढं बघा.

गॅस वजनावर भरून घ्या. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, लहान गाड्यांत साधारण ३०० ते ४५०. बंद गाडीचा गेज दाखवून "९५ पीएसआय आहे, फुल आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ३० अंश तापमानाला आत थोडा जरी द्रव गॅस असला तरी आर-१३४ए (गाडीच्या एसीतला हा गॅस) तेवढंच दाखवतो. घरच्या सिलिंडरमध्ये पाव गॅस असो की पाऊण, दाब तोच, तसंच हे. तुमच्यात आधीच्या गॅसवर दोनदा वरून भरलाय. जास्त झाला असेल तरी उभ्या गाडीत दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणून उरलेला गॅस मशीननं काढून नव्यानं मोजून भरायचा. सीलबंद डब्याचाच घ्या, स्वस्तातल्या मिश्रणात एलपीजीसारखे पेटणारे वायू असू शकतात. कंडेन्सर बदलला तर ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदला.

आणखी एक. तवंदी किंवा वंटमुरीच्या घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एसी क्षणभर सुटतो, तो बिघाड नव्हे. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिनला ताकद मिळावी म्हणून तशी सोयच असते. वळवाचा पाऊस पडून गारवा आला की गेटलाही एसी बरा वाटेल, त्यावर विसंबून काम पुढं ढकलू नका. चाचणी भर उन्हातच करा.

पाण्याची चाचणी झाली की कळवा. गॅसवाल्याकडं जाल तेव्हा कॉम्प्रेसरचा क्लच लागलेला असताना, आयडलला आणि दीड हजारावर, दोन्ही गेजचे आकडे लिहून आणा. रेस देऊनही मागचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा काटा ७०-८० पीएसआयच्या खाली उतरत नसेल आणि पुढचा, जास्त दाबाचा १२०-१३०च्या वर चढत नसेल, तर मेस्त्री बरोबर. मग कॉम्प्रेसरचंच बोलू.