सँडर पॅडपासून वर बांधायचा

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. आज दुकान बंद केल्यावर निवांत बसून उत्तर लिहितो आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुझी अडचण थोडक्यात मांडतो. तू डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि प्रकल्पासाठी हातात धरायचा रँडम ऑर्बिट सँडर बनवतो आहेस, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, ज्याचं पॅड लहान वर्तुळात (ऑर्बिटमध्ये) हलता हलता स्वतःभोवतीही मोकळं फिरतं. मोटर जुन्या मिक्सरची, ५५० वॅटची, रेग्युलेटर लावून मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर आणलेली. पॅड, म्हणजे खाली घासपेपर लावायची गोल गादी, १२५ मिमीचं, खालच्या बेअरिंगसकट १२० ग्रॅम. एक्सेन्ट्रिक, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा मध्य सोडून बसवलेला खुंट ज्यावर पॅड बसतं, तो लेथवर करून घेतलास, शाफ्टच्या मध्यापासून ५ मिमी बाजूला. यंत्र दहा मिनिटं चालवलं की बोटं बधिर होतात. उचललं की पॅड भिंगरीसारखं फिरायला लागतं, आणि परत टेकवलं की सागाच्या फळीत चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. तू विचारतोस की मोटर ७५० वॅटची घेऊ का, आणि मुठीला जाड रबर गुंडाळलं तर हाताचा त्रास थांबेल का.

दोन्हींना माझं उत्तर नाही. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं हातयंत्रं दुरुस्त करतो. त्याआधी दांडिया बाजारात काकांकडे पॉलिशचं काम केलं, म्हणजे सँडरच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. सँडरमध्ये खरं काम होतं ते एकाच जागी, पेपर आणि लाकूड जिथे टेकतात तिथे. मोटर, शाफ्ट, पंखा, मूठ हे सगळं त्या जागेच्या सेवेला असतं. म्हणून रचना पॅडपासून सुरू करून वर न्यायची. तुझ्या हाताशी मिक्सरची मोटर होती म्हणून तू तिथून सुरुवात केलीस, आणि तुझ्या तिन्ही तक्रारी त्यातून आल्या आहेत.

पहिली गोष्ट तुझ्याच आकड्यात दिसते. कॅटलॉगमध्ये ‘५ मिमी ऑर्बिट’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा तो वर्तुळाचा व्यास असतो. तू ती त्रिज्या समजून एक्सेन्ट्रिक ५ मिमी सरकवलास, म्हणजे तुझा ऑर्बिट झाला १० मिमी. आता बळ काढून बघ. १०,००० फेरे म्हणजे सेकंदाला १६७, कोनीय वेग १०४७ रेडियन. त्रिज्या ५ मिमी, म्हणजे पॅडचं त्वरण सुमारे ५,५०० मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ५६० पट. १२० ग्रॅमच्या पॅडवर हे बळ ६५८ न्यूटन होतं. सदुसष्ट किलोचा माणूस सेकंदाला १६७ वेळा दिशा बदलून तुझी मूठ ओढतो आहे. हे रबराने कसं थांबेल? रबर थोडी झिणझिण खाईल, पण हाताला यंत्र ढिलं लागेल, ताबा जाईल आणि बेअरिंगला बसणारा मार तेवढाच राहील.

हाच एक्सेन्ट्रिक १.२५ मिमीवर आण, म्हणजे ऑर्बिट २.५ मिमी. त्याच फेऱ्यांवर बळ १६४ न्यूटनवर येतं, बरोबर चौथा हिस्सा. भराभर कापायला ५ मिमी ऑर्बिटची यंत्रं मिळतात आणि ती चांगली चालतात, पण ती वजनाने आणि तोलाने त्यासाठीच बांधलेली असतात. पहिल्या यंत्राला २.५ मिमीच घे. कापायचा वेग कमी पडेल ही भीती नको, तो वेग पेपरातून मिळव. पेपरचा पी नंबर जितका मोठा तितका त्याचा कण बारीक: पी ८० च्या पेपरचा कण सरासरी २०१ मायक्रॉन, पी १२० चा १२५, पी १८० चा ८२. जिथे जास्त काढायचं तिथे पी ८० पासून सुरू कर आणि मधली पायरी गाळू नकोस. पी ८० नंतर सरळ पी १८० लावलास तर मोठ्या कणांच्या रेघा तशाच राहतात आणि पॉलिशचा पहिला हात मारला की उठून दिसतात.

आता तोल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सँडर चांगला की वाईट हे इथेच ठरतं. काउंटरवेटचा, म्हणजे पॅडचं ओढणं फेडायला शाफ्टवर लावायच्या वजनाचा हिशोब सगळे करतात: पॅडचं वजन गुणिले एक्सेन्ट्रिकचं अंतर, विरुद्ध बाजूला तेवढंच. १२० ग्रॅम गुणिले १.२५ म्हणजे १५० ग्रॅम-मिमी. काउंटरवेटचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून १५ मिमीवर असेल तर १० ग्रॅम पुरे. कागदावर तोल झाला, तरी यंत्र हातात थरथरतं. कारण पॅड खाली आहे आणि काउंटरवेट त्याच्या वर, समज २० मिमीवर. दोन बळं समान आहेत, विरुद्ध आहेत, पण एका पातळीत नाहीत, म्हणून यंत्र डोलतं. १६४ न्यूटन गुणिले २० मिमी म्हणजे जवळपास ३.३ न्यूटन-मीटरचं पिळणं उरतं.

त्याला उपाय म्हणजे दोन वजनं. पॅडपासून २० मिमीवर, पॅडच्या विरुद्ध बाजूला २२५ ग्रॅम-मिमी. आणखी वर, ६० मिमीवर, पॅडच्याच बाजूला ७५ ग्रॅम-मिमी. बेरीज तपासून बघ: एका बाजूला १५० अधिक ७५, दुसऱ्या बाजूला २२५. पॅडच्या पातळीपासून पिळणं मोजलंस तर २२५ गुणिले २० आणि ७५ गुणिले ६०, दोन्ही ४,५००. बळही फिटलं आणि डोलणंही. एखादा चांगला सँडर उघडलास तर पंख्याच्याच ओतकामात एका बाजूला जाड टेंगूळ दिसेल. ते ओतकामातला दोष समजून घासून टाकणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत.

वजन जुळवताना पोलादात ६ मिमीच्या ड्रिलने साडेचार मिमी खोल भोक पाडलं की जवळजवळ नेमका १ ग्रॅम निघतो. हा आकडा लिहून ठेव, फार उपयोगी पडतो. तपासणीसाठी शाफ्ट मोटरमधून काढ, पॅड आणि पेपर लावलेला ठेव, आणि लेव्हल केलेल्या दोन समांतर पोलादी पट्ट्यांवर शाफ्ट आडवा ठेव. तो कुठल्याही स्थितीत सोडला तरी न घरंगळता थांबला पाहिजे. यात फक्त बळाचा तोल कळतो, डोलण्याचा कळत नाही. त्यासाठी वरचा हिशोबच करावा लागतो.

पॅडच्या वजनाचं महत्त्व मला उशिरा कळलं. एका मिस्त्रीचा सँडर दर तीन महिन्यांनी बेअरिंग खाऊन परत यायचा. मी दोनदा बेअरिंग बदलून दिलं आणि त्याचे पैसे घेतले. तिसऱ्यांदा पॅड काट्यावर ठेवलं. त्याने मूळ पॅड फाटल्यावर बाजारातलं दुसरं लावलं होतं, ते ३५ ग्रॅमने जड होतं. त्याचं यंत्र १२,००० फेऱ्यांचं, ऑर्बिट २.५ मिमी. त्या हिशोबात ३५ ग्रॅम म्हणजे सात किलोचं न फिटणारं ओढणं. आधीच्या दोन दुरुस्त्यांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक सँडरचं पॅड आधी तोललं जातं.

चंद्रकोरीच्या खड्ड्याकडे वळतो. त्यासाठी या यंत्राची मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगावी लागेल. रबराच्या पायांवर बसलेला चौकोनी पॅडचा सँडर नुसता ऑर्बिट मारतो. पॅड स्वतःभोवती फिरू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक कण एकाच मापाची बारीक गोल रेघ काढत राहतो. रँडम ऑर्बिटमध्ये पॅड एक्सेन्ट्रिकवर एका मोकळ्या बेअरिंगने टांगलेलं असतं. त्याला फिरवणारं कुणी नाही. बेअरिंगच्या आतलं ग्रीस आणि घर्षण त्याला थोडं ओढत नेतं, लाकूड त्याला अडवतं, आणि या ओढाताणीत पॅड सावकाश फिरत राहतं. त्यामुळे कणाची वाट पुन्हा त्याच वाटेवर येत नाही. लाकडाच्या रेषेला आडवं गेलं तरी ओरखडा डोळ्यात भरत नाही तो यामुळेच.

पण तू यंत्र उचललंस की अडवणारं लाकूड गेलं. मग बेअरिंगचं ओढणं पॅडला हळूहळू शाफ्टच्या वेगाकडे नेतं. १२५ मिमीचं पॅड १०,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ६५ मीटर, म्हणजे ताशी २३५ किलोमीटर. ते सागावर टेकल्यावर खड्डा पडणारच. म्हणून बॉडीच्या खालच्या कडेला रबराची किंवा प्लॅस्टिकची रिंग असते. ती पॅडच्या पाठीला हलकेच घासते आणि त्याला मोकाट सुटू देत नाही. तुझ्या यंत्राला ही रिंग नाहीच. ती कर, आणि झिजल्यावर बदलता येईल अशी कर. रिंग इतकी घट्टही नको की लाकडावर असताना पॅड थांबून जाईल.

हातानेही पॅड थांबतं. दाबून घासायची सवय लागली की फिरणं बंद पडतं, उरतो नुसता ऑर्बिट, भुसा पेपरात दाटतो आणि डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी उमटतात. यंत्राचं वजन आणि हाताचं ओझं, एवढाच दाब ठेव. विनिअर असेल तर अजून जपून, कारण त्याचा वरचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिमी असतो.

मोटरचं उत्तर आता सोपं आहे. २.५ मिमी ऑर्बिट, १०,००० फेरे, म्हणजे कणाचा वेग सेकंदाला १.३ मीटर. घर्षणाचं बळ २० न्यूटन धरलं तर लाकडावर खर्च होणारी शक्ती २६ वॅट. पॅडच्या फिरण्याचे, पंख्याचे, बेअरिंगचे आणि मोटरच्या तापण्याचे त्यात मिळव. बाजारातल्या १२५ मिमीच्या यंत्रांवर साधारण २५० ते ३०० वॅट लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. तुझी ५५० वॅटची मोटर जास्तच आहे. ती उंच आणि जड असल्यामुळे हात पॅडपासून लांब जातो, यंत्र कलतं, पॅडची एकच कड टेकते. शिवाय मिक्सरची मोटर थांबत थांबत चालवायची असते, सँडर तासभर सलग चालतो. पन्नास हर्ट्झवर साधी इंडक्शन मोटर ३,००० फेऱ्यांच्या वर जात नाही म्हणून कार्बन ब्रशची मोटर घेणं बरोबर आहे, पण लहान घे. बजेट असेल तर चपटी ब्रशलेस, तिने उंची खूप कमी होते. भरपूर लाकूड खरवडायचं असेल तर ते काम बेल्ट सँडरचं. पोर्टर-केबलने १९२६ साली हातात धरायचा बेल्ट सँडर काढला तो त्यासाठीच. रँडम ऑर्बिटकडून ते काम करून घेऊ नकोस.

भुशाचा विचार तुझ्या आराखड्यात मुळीच नाही, तो हवा. पॅडला आठ भोकं ठेव, वर पंखा, पंख्यातून पिशवीत. भुसा पेपरखाली राहिला तर पेपर लाकडाला टेकतच नाही, घर्षणाची उष्णता वाढते, सागाचं तेल आणि भुसा मिळून पेपरावर चिकट थर बसतो, आणि कडेची वेल्क्रो वितळते. आपल्याकडून तासाभरावर संखेडा गाव आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड लेथवर घडवणारे कारागीर, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. त्यांना ती उष्णता हवी असते, आपल्याला ती बाहेर काढायची असते. तेवढ्यासाठी तरी एकदा जाऊन बघ. मोटर थंड करणारी हवा आणि भुशाची हवा यांचे मार्ग वेगळे ठेव, नाहीतर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, भुशाने भरेल. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घे. धातूची बॉडी आहे तर तीन पिनांची वायर आणि अर्थिंग लागणारच.

आणि मास्क. लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात नोंदवलेलं आहे. पिशवी लावली म्हणून मास्क सोडायचा नाही.

हातांबद्दल मी हलकं बोलणार नाही. युरोपात कामगारांच्या हाताला बसणाऱ्या कंपनाला आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावध व्हायची आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. कंपन दुप्पट झालं की सुरक्षित वेळ चौथा हिस्सा होतो. म्हणजे ५ असेल तर दोन तासांतच २.५ ची हद्द गाठली जाते, १० असेल तर अर्ध्या तासात. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पांढरी पडतात आणि चहाचा कप धरल्याशिवाय त्यांत जीव येत नाही. ती वीस वर्षांपूर्वीच्या बेतोल यंत्रांनी दिलेली आहेत, आणि ती परत पहिल्यासारखी होणार नाहीत. तुझी बोटं दहा मिनिटांत बधिर होत असतील तर ते यंत्र आता बंद ठेव. प्रकल्पाच्या परीक्षेत दाखवायलासुद्धा चालवू नकोस.

मला तीन मापं पाठव: पॅड, पेपर आणि बेअरिंग मिळून वजन, एक दशांश ग्रॅमपर्यंत. पॅडच्या मध्यापासून पंख्याच्या पातळीपर्यंतची उंची. आणि त्याच्या वर शाफ्टवर मोकळी जागा किती. दोन्ही वजनांची मापं काढून मी इथेच टाकतो. जवळ बारीक काटा नसेल तर शनिवारी संध्याकाळी पॅड घेऊन मकरपुऱ्याला ये, माझ्याकडे आहे.