पांदणीतले २८ हजार किलोमीटर

गॅरेजच्या बाकड्यावरून : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी मारेगाव तालुक्यातला. दिवाळीनंतर वणीला जिनिंगमध्ये कामाला लागतो आहे, जाऊन-येऊन रोजचे ४४ किलोमीटर होतील. शेजारच्या गावात २०१७ ची स्प्लेंडर प्लस पाहिली. मीटरवर २८ हजार आहेत. मालक म्हणतो, एकहाती गाडी आहे, फक्त घर ते वावर चालली. ३६ हजार सांगतो. दिसायला चकाचक आहे. बाबा म्हणतात, मीटर कमी आहे, घेऊन टाक. मला गाडीतलं काही समजत नाही. काय पाहू?

उत्तर : भाऊ, बाबांना माझा नमस्कार सांग, पण मीटर पाहून गाडी घेऊ देऊ नको. मालक खरं बोलून राहिला असं मी धरून चालतो. तो खोटं बोलला असता तर मला कमी काळजी वाटली असती. 'फक्त घर ते वावर' हेच तर मला खटकलं.

वावराचा रस्ता म्हणजे पांदण. जुलै-ऑगस्टात आपल्या काळ्या मातीत गाडी कशी जाते ते तुला काय सांगू? पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, इंजिन बोंबलून राहिलं आणि मागचं चाक जागच्या जागी फिरून राहिलं. मडगार्ड आणि टायरच्या मधात गारा भरला की पोट्टे काडीनं उकरतात, निघाला नाही तर तसंच रेटतात. मागं युरियाचं ४५ किलोचं पोतं, पुढं टाकीवर फवारणीचा पंप. क्लचप्लेटा जळायला याच्याहून चांगली जागा नाही. आता गंमत ऐक. स्प्लेंडरच्या मीटरची केबल पुढच्या चाकाला असते. मागचं चाक चिखलात पन्नास गिरक्या घेईल, मीटरचा आकडा हलणार नाही. वरून त्याच चिखलानं केबल तुटते, आणि वावरात जायला मीटर कोणाला लागतं? दोन-दोन वर्षं ती तशीच लोंबत राहते. त्यामुळे २८ हजार म्हणजे मीटर चालू होतं तेव्हाचे २८ हजार, एवढंच समज.

मला विचारशील तर रोज डांबरी रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या एखाद्या मास्तरची ७० हजार चाललेली गाडी मी आधी पाहीन. एका चालीनं चालते, वेळेवर ऑइल बदलतं, मागं बसली तर फार तर बाई बसते.

म्हणजे ही गाडी घेऊच नको असं नाही. तिनं काम काय केलं ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं, ते वाच. चकाचक टाकीकडे पाहू नको, पॉलिश करायला एक दुपार पुरते. फुटरेस्टचं रबर पाहा, ब्रेकच्या पायट्याची कड पाहा, गिअरच्या दांडीचं टोक पाहा. २८ हजारांत रबराच्या रेघा एवढ्या सपाट होत नाहीत. तिन्ही ठिकाणी कोरं करकरीत नवं रबर असेल तर त्याहून जास्त संशय घे. मग सीट काढ. खाली चेसीच्या मागच्या टोकाला वेल्डिंगचा डाग आहे का, मागच्या मडगार्डला बोल्टाजवळ तडा आहे का? दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर रंग घासला गेला असेल तर तिथं दुधाच्या कॅन लटकत होत्या. सीटखाली आणि टाकीच्या बुडाला पांढरट खार धरून गंज सुटला असेल तर खताची पोती वाहिली. मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर घट्ट केलेले असतील तर मालकालाच विचार, काहून केले?

इंजिनासाठी एकच अट. सकाळी सातला जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर चहा नंतर, आधी सिलिंडरच्या पात्यांवर हात ठेव. थंडगार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर 'पोट्टा दूध आणायला गेला होता' असं उत्तर मिळेल. खरंही असेल. तू म्हण, उद्या येतो.

हे मी स्वतः खाऊन शिकलो. गॅरेज टाकून सहा-सात वर्षं झाली होती, हाताला काळं लागलं म्हणजे सगळं येतं असं वाटायचं. बहिणीच्या नवऱ्याला गाडी पाहिजे होती. संध्याकाळी गेलो, मालक नुकताच तीच गाडी घेऊन बाजारातून आलेला. गाडी गरम, अर्ध्या किकीत चालू, आवाज मऊ. भाऊजींसमोर मीही दोन शहाणपणाचे शब्द बोललो आणि व्यवहार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या अंगणात किका मारून मारून माझा पाय भरून आला. चालू झाली तेव्हा तुळशीवृंदावन दिसेनासं झालं एवढा निळा धूर. बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या, मीच नवं टाकलं, माझ्या पैशानं. भाऊजी आजही दुसऱ्यांसमोर विचारतात, 'मिस्त्री, संध्याकाळी गाडी पाहायला येता का?'

तर थंड गाडीला चोक देऊन किक मारायची. बटणानं नाही, किकनं. दोन-चार किकांत लागली पाहिजे. किक दाबताना पायाला अडल्यासारखं लागत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, आहे, लोण्यात पाय गेल्यासारखा खाली गेला तर तो गेला समज. मग मागं उभा राहून धूर पाहा. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ निघते, सायलेन्सरमधून दोन थेंब पाणी टपकतं, त्याला भिऊ नको. चालू होताना निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेले, ते काम मोठं नाही. रेस दिल्यावर निळा धूर वाढतच गेला तर रिंगा आणि बोअर गेले, ते काम मोठं आहे. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातं, बहुतेक कार्बोरेटरवर भागतं. गाडी बंद करून सायलेन्सर निवला की तोंडात बोट फिरव. कोरडी काजळी लागली तर ठीक, हाताला तेलकट चिकट आलं तर तो निळा धूर तुझ्या डोळ्यांना दिसला नाही एवढंच.

ऑइलची पट्टी काढून पाहा. काळं ऑइल म्हणजे खराब गाडी नाही, चाललेलं ऑइल काळंच असतं. दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलं आहे. मला खटकतं ते कालच भरलेलं, मधासारखं जाड ऑइल. स्प्लेंडरला १०डब्ल्यू३० लागतं. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल भरलं की खडखड काही दिवस दबते. आवाज ऐकताना डाव्या बाजूला कान दे. तिथून सायकलची चेन डब्यात हलवल्यासारखी कडकड आली तर टायमिंग चेन आहे, तिचा खर्च किमतीतून वळता कर. वरून बारीक टिकटिक आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची किरकोळ सेटिंग. त्यावरून भाव पाडू नको, मालक हसेल.

इंजिनाच्या कव्हरांचे स्क्रू पाहा. डोकी चेचलेली असतील, जोडातून पेस्ट बाहेर आली असेल तर इंजिन उघडलेलं आहे. उघडलं म्हणजे वाईट नाही. कोणी उघडलं, काय टाकलं, बिल आहे का, हे विचार. बिल दाखवणाऱ्या मालकाला मी हजार रुपये जास्त देईन.

डबल स्टँडवर लावून मागच्या चाकाला वरून धरून आडवं हलव. खटखट झाली तर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बूश गेले, पांदणीतल्या गाडीचे जातातच. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरव. मध्यावर खाचेत बसल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चेन पाहायला चेनकव्हरचं रबरी बूच काढ आणि बोटानं चेन हलवून ढिली आहे का ते पाहा.

आता क्लच, कारण मूळ भीती तीच. कोणाला तरी मागं बसवून चढावर घेऊन जा. तिसऱ्या गिअरमध्ये एकदम रेस दे. इंजिन ओरडलं आणि गाडी आधीच्याच वेगानं चालत राहिली तर प्लेटा संपल्या. दुसऱ्या गिअरमध्ये रेस सोड, पुन्हा दे. गिअर निसटून न्यूट्रल झाला तर आतलं काम आहे आणि मी असतो तर तिथूनच गाडी परत वळवली असती.

एक राहिलं. २०१७ ची म्हणतो, पण कोणत्या महिन्यातली? १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतल्या, गाड्यांची विक्री बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्चच्या २९ तारखेला आला, आणि पुढचे दोन दिवस शोरूमवर जत्रा. हजारोंची सूट होती, आमच्या गल्लीत गरज नसलेल्यांनीही गाड्या घेतल्या. म्हणून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नोंदणीची तारीख पाहून थांबू नको, गाडी बनली कधी तो महिनाही पाहा. मार्चमधली असेल तर बनलेली २०१६ चीही निघू शकते. एप्रिलनंतर बनलेली असेल तर तिचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटण कंपनी देत नाही. बटण दिसलं तर कोणीतरी वायरिंगमध्ये हात घातला आहे. मग हेडलाइट उघडून आतलं टेपांचं घरटं पाहून घे.

क्लचप्लेटा, चेनसेट, बूश एवढंच निघालं तर तेवढे पैसे कमी करून घे, गाडी वाईट नाही. रोज ४४ किलोमीटर सरळ रस्त्यानं चालली तर तिलाही बरं वाटेल.

प्रश्न : आम्ही समुद्रपूर तालुक्यात राहतो. मुलासाठी एक गाडी ठरवली आहे. विकणारा तिसरा माणूस आहे, आरसीवर नाव पहिल्या मालकाचं आणि बँकेचंही आहे. तो म्हणतो, 'सह्या केलेले फॉर्म माझ्याकडे आहेत, नाव नंतर करून घ्या, कोणी विचारत नाही.' पैसे द्यावेत का?

उत्तर : ताई, नका देऊ. कोणी विचारत नाही हे खरं आहे, पण अपघात होईपर्यंतच. नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं आहे. मधले किती हात बदलले ते त्यात मोजत नाहीत. म्हणजे तुमच्याइतकीच टांगती तलवार त्या पहिल्या मालकावर आहे, आणि बहुतेक त्याला ते ठाऊकही नसेल. आरसीवरच्या पत्त्यावरून त्याला शोधा. 'तुमच्या नावावरची गाडी आम्ही घेतो आहोत, आमच्या नावावर करून द्या' म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. एकानं तर आमच्या गिऱ्हाइकाला घरी जेवू घातलं.

नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्यानं तुमच्यासमोर करावी. बँकेचं नाव आहे म्हणजे बोजा आहे. हप्ते फिटले असतील तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. 'हप्ते फिटले' हे तोंडी ऐकू नका. आधीच सही केलेले आणि नाव-तारीख कोरी ठेवलेले फॉर्म जुने असतात, सही जुळली नाही की आरटीओच्या खिडकीवरून परत येतात. नाव बदलायला घेणाऱ्याला ३० दिवस असतात. थोडे पैसे नाव होईपर्यंत मागं ठेवा, पण ते चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि नोंदणी कधीपर्यंत आहे ते दिसतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्याआधीच्या कितीतरी गाड्या आपल्याकडे पहिलं वर्ष संपल्यापासून विम्याशिवाय फिरून राहिल्या आहेत. विमा असला तरी तो नावाबरोबर तुमच्याकडे वळवून घ्या. आणि रॉकेलचा बोळा घेऊन जा. हँडलच्या खाली, चेसीच्या गळ्यावरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर घासून स्वच्छ करा, आरसीशी एकेक आकडा मुलाकडून वाचून घ्या. घासल्यावर आकड्याखाली कानशीचे ओरखडे दिसले तर गाडीला हात न लावता घरी या.

प्रश्न : पाटणबोरीला राहतो. आदिलाबादकडची तेलंगणा पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळते. घेऊ का?

उत्तर : स्वस्त आहे ती याच कारणानं. तिकडच्या आरटीओचं ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, मालकानं काढून आणलं तरच पुढचं बोला. मग इथं महाराष्ट्राचा कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. तो कर किती बसतो ते आधी आरटीओत विचारा आणि किमतीत मिळवा. बरेचदा स्वस्ताई तिथंच संपते. 'दोन्हीकडे चालते, सीमेवरच तर आहे' असं म्हणणारे आमच्या बाकड्यावरही बसतात. वर्षभरापेक्षा जास्त इथं ठेवली तर नंबर बदलावाच लागतो.

प्रश्न : खाणीत ड्युटीला जाणाऱ्याची चार वर्षांची गाडी आहे, मीटरही कमी आणि ठेवलीही छान. आमचे मेकॅनिक म्हणतात डोळे झाकून घ्या.

उत्तर : डोळे उघडे ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढायला सांगा. कोळशाच्या पट्ट्यात फिल्टर काळा असणारच, त्याचं काही नाही. फिल्टर बाहेर काढा आणि त्याच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घाला. बोट स्वच्छ निघालं तर तुमचे मेकॅनिक बरोबर आहेत. काळं निघालं तर ती भुकटी चार वर्षं बोअरमध्ये जाऊन राहिली आहे, आणि मग गाडी कितीही छान ठेवलेली असो, बोअर-पिस्टनचा खर्च धरूनच भाव बोला.